स्टिरिओ बदला, पण कंपनीचा अ‍ॅम्प काढू देऊ नका – तुमचं काय मत?

घोडबंदर_गाडीवाला
मंडळी, गाडी २०१४ ची सेडान, टॉप मॉडेल. कंपनीकडूनच ब्रँडेड साउंड सिस्टिम आलेली, म्हणजे आठ स्पीकर, मागे सबवूफर आणि सीटखाली वेगळा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर. आवाज आजही मस्त आहे, पण स्क्रीन जुनाट, अँड्रॉइड ऑटो नाही, कारप्ले नाही, मॅप बघायला फोन एसीच्या जाळीला लटकवायचा, म्हणून स्टिरिओ बदलायचं ठरवलंय. आता ठाण्यात ज्या ज्या दुकानात गेलो तिथे पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब अ‍ॅम्प काढून टाकू, स्पीकर डायरेक्ट देतो, नवीन स्टिरिओ पन्नास गुणिले चार वॅटचा आहे, अ‍ॅम्प लागतोच कशाला."

माझं स्पष्ट मत, हा सल्ला चुकीचा आहे आणि चांगल्या सिस्टिम यातच वाया जातात. खोक्यावरचे पन्नास वॅट हे पीक, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, चार ओहमच्या स्पीकरला, स्टिरिओतल्या साध्या चिपमधून २६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही, गणित करून बघा, प्रत्यक्षात वीसच्या आसपास मिळतात. दुसरं म्हणजे ओहम, स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तो जितका कमी तितका स्टिरिओवर भार जास्त. दाराचं पॅनल उघडून स्पीकरला मल्टिमीटर लावला तर आकडा दोनच्याही खाली आला, आणि स्टिरिओच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी चार ओहम लिहिलंय. असा स्पीकर डायरेक्ट जोडला तर आवाज वाढवला की स्टिरिओ तापणार, प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडणार, नाहीतर चिपच उडणार. आणि ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर? माझ्या अ‍ॅम्पमधून ट्विटरला वेगळ्या वायरी जातात, बेस आणि उंच स्वर वेगळे करणारा क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आत आहे, ट्विटरच्या पाठी बेस अडवायला साधा कपॅसिटरसुद्धा नाही. ती वायर डायरेक्ट दिली की ढोलाचा सगळा बेस त्या एवढ्याशा ट्विटरवर. किती दिवस टिकेल तो?

म्हणून नवीन स्टिरिओचे आरसीए आउट (हलका सिग्नल बाहेर देणारे सॉकेट) कंपनीच्या अ‍ॅम्पला द्यायचे, निळी-पांढरी वायर अ‍ॅम्प ऑन करायला जोडायची, आणि एकही वायर न कापता कपलर टू कपलर, म्हणजे प्लगला प्लग जोडून काम करायचं. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट लिहा.

ऐरोलीकर
वेगळं मत आहे. स्पीकर डायरेक्ट देऊ नये हे शंभर टक्के मान्य, पण म्हणून जुना अ‍ॅम्प ठेवायचा हे कुठून आलं? कंपनीचा अ‍ॅम्प स्वतंत्र वस्तू नाहीये, तो त्या स्टिरिओबरोबर जोडीने ट्यून केलेला असतो. कमी आवाजात बेस वाढवायचा, आवाज वाढत गेला की कमी करायचा म्हणजे स्पीकर फाटत नाहीत, हे काम बऱ्याच गाड्यांत स्टिरिओ करतो. तो काढलात की निम्मं ट्युनिंग गेलं, आणि उरलेलं अ‍ॅम्पमध्ये फिक्स बसलंय, त्याला तुम्ही हात लावू शकत नाही. माझ्या गाडीत हेच केलं होतं. पिंक नॉइज, म्हणजे टेस्टिंगचा खरखराट वाजवून मायक्रोफोनने ग्राफ काढला तर ८० हर्ट्झच्या आसपास डोंगर उभा, नवीन स्टिरिओच्या इक्वलायझरने दाबला की आवाज मेलेला, नाही दाबला की प्रत्येक गाणं डीजेसमोर उभं राहून ऐकल्यासारखं. शेवटी डीएसपीवाला अ‍ॅम्प लावला, म्हणजे आवाज डिजिटल पद्धतीने ट्यून करता येतो असा, प्रत्येक स्पीकरचा डिले (आवाज किती उशिरा यावा) आणि कट (कुठले स्वर वाजवावेत) हातात आला, आता पाम बीच रोडवर गाडी काढली की गायिकेचा आवाज बरोबर डॅशबोर्डच्या मध्यातून येतो. कंपनीचा अ‍ॅम्प कधीच हे देणार नाही, तुमच्या स्पीकरना चालणारा दोन ओहमचा डीएसपी अ‍ॅम्प मिळतो, तो घ्या.

घोडबंदर_गाडीवाला
ऐरोलीकर, मुद्दा समजला, पण अर्धाच पटतो. अ‍ॅम्पमधलं इक्यू (इक्वलायझर) कशासाठी असतं? स्पीकर पायाशी दारात आहे, काच समोर, सीटचं कापड आवाज खातं, स्पीकरचा स्वतःचा उणेपणा, हे सगळं भरून काढायला. स्टिरिओ बदलल्याने यातलं काय बदललं? दारही तेच, स्पीकरही तेच. जे जातं ते फक्त व्हॉल्यूमप्रमाणे बेस वरखाली होणं, आणि आता बऱ्याच स्टिरिओत लाउडनेसची सेटिंग असतेच. शिवाय डीएसपी अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्पचे पैसे, नव्या वायरिंगचे, ट्युनिंग करणाऱ्याचे, आणि इथे मनापासून बसून ट्युनिंग करणारा माणूस सापडणं हा वेगळाच शोध. मला कॉम्पिटिशन जिंकायची नाही हो, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गाणी नीट ऐकायचीत.

तुर्भे_वायरिंग
मी हेच काम करतो. दोघंही अ‍ॅम्पवर भांडताय पण नव्वद टक्के गाड्या सिग्नलमध्ये बिघडतात. अ‍ॅम्प ठेवला आणि आवाज खराब आला तर बहुतेक वेळा कारण एकच, दुकानवाल्याने स्टिरिओची स्पीकरची वायर तशीच अ‍ॅम्पच्या इनपुटला दिलेली असते. आरसीएमधून दोन किंवा चार व्होल्ट निघतात, स्पीकरच्या वायरीतून फुल व्हॉल्यूमला दहापर्यंत जातात. हलक्या सिग्नलचा अ‍ॅम्प असेल तर त्याला ते झेपत नाही, आवाज फाटतो, आणि मग सगळे म्हणतात कंपनीचा अ‍ॅम्प बेकार. आणखी एक, स्पीकरच्या मायनसला ग्राउंड समजून बॉडीला जोडू नका, दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्ट डीसी असतो, चिप गेलीच म्हणून समजा.

आता घोडबंदरवाले, "निळी-पांढरी जोडली की झालं" हेही सगळीकडे खरं नाही. अ‍ॅम्पचं इनपुट बऱ्याचदा बॅलन्स्ड असतं, म्हणजे प्रत्येक चॅनेलला प्लस मायनस वेगळे, त्यात आरसीए दिला तर चालतो पण ग्राउंड नीट नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधली शिट्टी पण वर चढते. काही अ‍ॅम्प वायरने नाही, कॅनच्या, म्हणजे गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात त्या डेटा लाइनच्या मेसेजने जागे होतात. काहींत तर व्हॉल्यूमच अ‍ॅम्प सांभाळतो, स्टिरिओ फक्त आकडा पाठवतो. तिथे त्या गाडीचं मॉड्यूल (नवा स्टिरिओ आणि अ‍ॅम्पमधला दुभाषा) मिळालं नाही तर अ‍ॅम्प एकतर झोपलेला किंवा एकाच आवाजावर अडकलेला. आणि जुन्या जर्मन गाड्यांत मोस्ट म्हणून ऑप्टिकल फायबर जातो, तिथे आरसीए जोडायला जागाच नाही. अशा गाडीत मीच सांगतो अ‍ॅम्प बदला, जिथे साधा सिग्नल आहे तिथे ठेवा.

पाचपाखाडी_मी
दादा लोक, एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. काही गाड्यांत पार्किंग सेन्सरची बीप, सीटबेल्टची टिंगटिंग हे सगळं याच अ‍ॅम्पमधून, स्पीकरमधून येतं. आमच्या गाडीत दुकानदाराने अ‍ॅम्प बायपास केला, गाणी वाजली, सगळे खुश, घरी येऊन रिव्हर्स घेतली तर बीप नाही आणि मागचा बंपर सोसायटीच्या खांबाला घासला. दुकानदार म्हणाला मॅडम ते कंपनीच्या सिस्टिममध्ये असतं, आमचा काय संबंध. काम सुरू करायच्या आधी सांगायला नको होतं? तेव्हा माझं मत अ‍ॅम्प ठेवा. आणि ज्यांच्या गाडीत वायरचा कारप्ले आधीच आहे त्यांनी वायरलेस ॲडाप्टर लावून मोकळं व्हावं, डॅशबोर्ड उघडूच नये. हल्लीच्या गाड्यांत तर एसीसुद्धा त्याच स्क्रीनवर, काय काय बदलणार.

ऐरोलीकर
ताई, बीपचा मुद्दा पटला, डीएसपी लावतानाही ती लाइन वेगळी घ्यावी लागते, हे दुकानांनी लिहूनच द्यायला पाहिजे. पण घोडबंदरवाले, दहा-बारा वर्षं जुना अ‍ॅम्प, सीटखाली, पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी कार्पेटमध्ये मुरणार. तो गेला तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधत फिरणार? त्यापेक्षा एकदाच खर्च करा.

घोडबंदर_गाडीवाला
गेला तर बघू ना. आतले कपॅसिटर फुगले तर लॅमिंग्टन रोडला मिळतात, बदलता येतात. चालू वस्तू ती कधीतरी बंद पडेल म्हणून आज कापून टाकायची हे मला कधीच पटणार नाही. वायर न कापता केलं तर उद्या तुमचा डीएसपी लावायचा रस्ताही उघडा राहतो, उलटं केलं तर परत येता येत नाही. तुर्भेवाले, माझा अ‍ॅम्प वायरने जागा होतो की कॅनने, हे घरी कसं बघायचं?

तुर्भे_वायरिंग
सर्किट डायग्राम मिळाला तर सगळ्यात बरं. नाहीतर अ‍ॅम्पचा कपलर लावलेलाच ठेवा, मागून मीटरची पिन टेकवा, एक हात स्टिरिओच्या बटणावर. स्टिरिओ चालू केला की १२ व्होल्ट येतात, बंद केला की काही सेकंदांत शून्य होतात, अशी बारीक वायर सापडली तर तुमचं काम सोपं आहे. सापडली नाही आणि दोन पिळलेल्या वायरींची जोडी दिसली, दोन्हीवर अडीच व्होल्टच्या आसपास, तर ती कॅन असणार, मग स्टिरिओचे पैसे भरायच्या आधी मॉड्यूल मिळतंय का ते विचारा. कपलरचा फोटो टाका, पिना मी सांगतो.