ह्यूगो वीव्हिंग: एजंट स्मिथ आणि एलरॉण्डच्या पलीकडे काय पाहू?

पिंपळपान
'मेट्रिक्स'मधला एजंट स्मिथ आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला एलरॉण्ड, ह्यूगो वीव्हिंगचं एवढंच काम मी पाहिलंय. त्याचा आवाज आणि एकेक शब्द सुटा करून बोलण्याची लकब मनात पक्की बसली आहे. त्याचं ऑस्ट्रेलियातलं काम यापेक्षा खूप सरस आहे असं वाचलं, पण यादी इतकी लांब की सुरुवात कुठून करावी कळेना. चार-पाच नावं सुचवाल का? संथ चित्रपट मला चालतात, आवडतात. रात्री आईही सोबत बसते, तेव्हा तिच्याबरोबर काय पाहू नये तेही सांगा.

तिसरी घंटा
'प्रूफ' (१९९१), बाकी सगळं नंतर. दिग्दर्शक जोसलिन मूरहाऊस. मार्टिन नावाचा अंध माणूस फोटो काढत असतो. फोटोत काय दिसतंय ते दुसऱ्याकडून ऐकायचं आणि ब्रेल लिपीत त्यावर लिहून ठेवायचं. जग आपल्याला जाणवतं तसंच आहे, कुणी आपल्याशी खोटं बोलत नाही, याचा त्याला पुरावा हवा असतो. रसेल क्रो तेव्हा कुणाला फारसा माहीत नव्हता, तो यात त्याचा मित्र झालाय. वीव्हिंग अंधपणाचं प्रदर्शन कुठेही मांडत नाही. त्या माणसाचा ताठा आणि संशय तो मानेच्या ठेवणीतून दाखवतो. ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला या भूमिकेसाठी मिळाला.

त्यानंतर 'द इंटरव्ह्यू' (१९९८). पहाटे पोलीस घरात घुसून एका माणसाला उचलतात आणि बराचसा चित्रपट चौकशीच्या खोलीतच घडतो. सुरुवातीला भेदरलेला, भुकेला, केविलवाणा दिसणारा हा माणूस हळूहळू बदलत जातो. कधी बदलला ते पुन्हा मागे जाऊन शोधावंसं वाटतं. मी शोधलं, आणि दुसऱ्यांदा पाहताना चित्रपट जास्त आवडला. याहून जास्त कथा सांगत नाही, तुम्हीही आधी कुठे वाचू नका. यासाठीही त्याला तोच पुरस्कार मिळाला.

सिलीपॉइंट
क्रिकेट आवडत असेल तर १९८४ची 'बॉडीलाइन' ही मालिका चुकवू नका. १९३२-३३च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने ब्रॅडमनला रोखायला वेगवान गोलंदाज लारवूडकरवी अंगावर गोलंदाजी करवली, त्याची ही गोष्ट. यातला जार्डिन म्हणजे वीव्हिंग. सिडनीच्या निडा या नाट्यशिक्षण संस्थेतून तो १९८१ साली बाहेर पडला, म्हणजे तेव्हा अगदी तरुण होता. मालिका ऑस्ट्रेलियाच्या बाजूने सांगितलेली आहे, तिला इतिहास समजू नका. पण थंड, ताठ जार्डिन त्याने असा उभा केलाय की राग येतो आणि नजरही हटत नाही.

आपल्याकडचा धागा असा की जार्डिनचा जन्म मुंबईत मलबार हिलवर झाला होता. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली, तेव्हा इंग्लंडचा कर्णधार तोच होता.

पिंपळपान
सिलीपॉइंट काका, हे माहीतच नव्हतं! बाबांना ही मालिका नक्की दाखवते. रंगभूमीवरही तो सतत काम करतो म्हणे, त्याबद्दल कुणी सांगेल का?

सिडनीकर
मी सांगतो. इथल्या नाटकवाल्यांसाठी तो आधी सिडनी थिएटर कंपनीचा नट आहे. हॉलिवूडमध्ये एवढं नाव झाल्यावरही तो इथे परत परत नाटकं करत राहिला. 'अंकल वान्या'त (२०१०) केट ब्लँचेट आणि रिचर्ड रॉक्सबर्गबरोबर तो डॉक्टर आस्त्रोव होता. ते नाटक पुढे वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कलाही गेलं. २०१३मध्ये रॉक्सबर्गबरोबरच 'वेटिंग फॉर गोदो', त्यात हा व्लादिमीर.

२०१४चा 'मॅकबेथ' मात्र मी कधी विसरणार नाही. दिग्दर्शक किप विल्यम्सने प्रेक्षकांना रंगमंचावर बसवलं आणि नाटक समोरच्या प्रेक्षागृहात केलं. शेकडो रिकाम्या खुर्च्या आणि त्यात एकटा पडत गेलेला राजा. एजंट स्मिथचा तो सुटा सुटा उच्चार कुठल्या तालमीतून आला असेल ते त्या रात्री समजलं. पल्लेदार वाक्यातला प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय आहे ती. 'व्ही फॉर व्हेंडेटा'मध्ये चेहरा पूर्ण मुखवट्याआड असूनही तो भूमिका पेलतो, तीही याच बळावर. २०१८मध्ये ब्रेश्टच्या 'आर्तुरो उई'साठी त्याला ऑस्ट्रेलियन रंगभूमीचा हेल्पमन पुरस्कार मिळाला.

पुण्यात बसून ही नाटकं बघायला मिळणं कठीण, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून चित्रपटांपैकी 'लिटल फिश' (२००५) सुचवतो. सिडनीच्या कॅब्रामाटा या व्हिएतनामी वस्तीच्या भागातली कथा आहे, आणि तो हेरॉइनच्या आहारी गेलेला माजी रग्बी लीग खेळाडू आहे. केट ब्लँचेटबरोबरचे त्याचे प्रसंग जीव कासावीस करतात.

रानवाटा
'प्रिसिला' (१९९४) कुणीच कसं सुचवलं नाही? तीन ड्रॅग कलाकार, म्हणजे भडक बायकी वेशात नाचगाणी सादर करणारे, सिडनीहून एका बसने वाळवंट तुडवत ॲलिस स्प्रिंग्जला निघतात. वीव्हिंग त्यातला एक, जो आपल्या मुलाला भेटायला चाललाय. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. 'प्रूफ'मधल्या कोरड्या माणसानंतर त्याची ही माया जास्त भिडते असं म्हणतात, पण मला उलटा क्रमच बरा वाटतो. 'लास्ट राइड'ही (२००९) पहा. गुन्हा करून पळणारा बाप, बरोबर दहा वर्षांचा मुलगा, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचा उजाड मुलूख. बाप क्रूर आहे आणि मुलावर त्याचा जीवही आहे. दोन्ही एकाच नजरेत दिसतं.

पिंपळपान
सगळ्यांचे मनापासून आभार. आणि आईसोबत?

तिसरी घंटा
'ऑरेंजेस अँड सनशाइन' (२०१०) दोघी मिळून पहा. ब्रिटनमधून मुलांना ऑस्ट्रेलियात पाठवून दिलं गेलं, त्यांतली काही मोठी झाल्यावर आपली माणसं शोधतात, ती सत्यकथा. डोळे भरून येतील, पण दृश्यं भडक नाहीत.

'पॅट्रिक मेलरोझ' (२०१८) एकटीने पहा, तेही मन स्थिर असताना. त्यात तो स्वतःच्या लहान मुलावर अत्याचार करणारा बाप आहे. काम अफाट, पण झोप उडते. 'हॅकसॉ रिज'मध्ये तो पहिल्या महायुद्धाने मोडलेला दारुडा बाप आहे. घरातला भाग आईला आवडेल, रणांगणावरची कापाकापी सोसणार नाही.

आणि रानवाटा, तुमचं म्हणणं ऐकलं तरी मी 'प्रूफ'वरच ठाम आहे. पिंपळपान, शनिवारी तो लावा आणि कसा वाटला ते इथेच लिहा.