नारायण गुरूंचं मराठी करताना : योगम, मत, दैव, मातृका हे शब्द कसे घ्यायचे?

वाचनवेडी :
नमस्कार मंडळी. केरळचे श्री नारायण गुरू यांच्यावरची एक छोटी पुस्तिका मराठीत येतेय आणि तिचं प्रूफ माझ्याकडे आलंय. मजकूर मनापासून लिहिलेला आहे पण काही शब्दांपाशी वाचणारा हमखास चकेल असं वाटतं. उदा. "गुरूंच्या अध्यक्षतेखाली १९०३ साली श्रीनारायण धर्म परिपालन योग ही योगसंस्था सुरू झाली". हे वाचून कुणालाही वाटेल की तिथे सकाळी आसनं-प्राणायाम चालत असणार, आणि आधीच्याच ओळीत "थोर योगी" म्हटलंय त्यामुळे तर खात्रीच पटेल. दुसरं म्हणजे त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य, "ओरु जाति, ओरु मतम्, ओरु दैवम् मनुष्यन्नु". ह्याचं केलंय "माणसाला एक जात, एक मत, एक दैव". अक्षर न अक्षर मराठी शब्द आहेत तरी अर्थ पार भलतीकडे गेलाय असं मला वाटतं. मलयाळम जाणणारं कुणी आहे का इथे?

पालक्काडचा जावई :
ताई, बरं झालं हा विषय काढलात. सासरी गेली कित्येक वर्षं जाणं-येणं आहे त्यामुळे बोलण्यातलं मलयाळम बऱ्यापैकी कळतं, लिहिलेलं थोडं सावकाश.

आधी योगम. मलयाळममध्ये योगम म्हणजे सभा, बैठक, मंडळ. "इन्नु योगम उण्डु" म्हणजे आज मीटिंग आहे. पोतुयोगम म्हणजे सर्वसाधारण सभा, आपल्या सोसायटीची असते ना तीच. योगाभ्यासाला पण योगच म्हणतात, आणि "योगमिल्ला" म्हणजे नशिबात नाही, आपण "योग नव्हता" म्हणतो तसंच. पण संस्थेच्या नावात आला की अर्थ मंडळ एवढाच. धर्म परिपालन योगम म्हणजे धर्माचं पालन करणाऱ्यांचं मंडळ.

ह्या शब्दाचा तिथला इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. केरळात देवळाचा कारभार बघणाऱ्या मंडळाला जुन्या काळापासून योगम म्हणत. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराचं एट्टरयोगम प्रसिद्ध आहे, एट्टर म्हणजे साडेआठ, साडेआठांचं मंडळ. ही सगळी सवर्णांची मंडळं, आणि ज्या ईळव समाजात गुरू जन्मले त्यांना त्रावणकोरमधल्या असल्या देवळांत पायही ठेवता येत नव्हता, ती बंदी उठली १९३६ च्या जाहीरनाम्याने, म्हणजे गुरू गेल्यावर आठ वर्षांनी. अशा लोकांनी स्वतःचं देऊळ बांधलं आणि त्याच्या मंडळाला नाव दिलं योगम. अरुविप्पुरमला १८८८ साली गुरूंनी शिवलिंग बसवलं, तिथे आधी एक वावूट्टु योगम होतं. वावु म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचा दिवस, ऊट्टु म्हणजे जेवू घालणं. म्हणजे अन्नदान करणारं मंडळ. त्याचं पुढे देवळाचं योगम झालं आणि त्यातून १९०३ चं हे मोठं योगम उभं राहिलं, डॉ. पल्पू त्यामागे होते आणि कवी कुमारन आशान पहिले सेक्रेटरी. म्हणून म्हणतो की 'योगसंस्था' हा शब्द पुस्तिकेतून काढाच, त्या शब्दामागचा सगळा झगडाच त्यात पुसला जातोय.

अनुस्वार :
मग मराठीत काय लिहायचं? मंडळ, सभा, संघ?

पालक्काडचा जावई :
विशेषनाम आहे तर नावात 'योगम' तसंच ठेवावं, शेवटचा म न काढता, म्हणजे वाचणाऱ्याला आपोआप कळतं की हा आपला योग नव्हे. पुढे एकदा "म्हणजे मंडळ" एवढं लिहिलं की झालं. आपल्याकडे सत्यशोधक समाज, प्रार्थना समाज ह्या नावांत 'समाज' शब्द असाच संस्था ह्या अर्थाने आहे आणि आपल्याला तो कधी खटकत नाही.

चेंबूरनाका :
आमच्या चेंबूरला श्री नारायण मंदिर समिती आहे, देऊळ आहे आणि त्यांची शाळा-कॉलेजंही आहेत. इतकी वर्षं तिथून जाताना मला वाटायचं की नारायण म्हणजे विष्णूचं देऊळ. गुरूंचं आहे हे बऱ्याच मराठी लोकांना अजूनही माहीत नसतं. मुंबईतले तुळू बोलणारे बिल्लव लोकही गुरूंना फार मानतात, मंगळूरच्या कुद्रोळीचं गोकर्णनाथेश्वर मंदिर १९१२ साली गुरूंच्याच हस्ते झालं. बरं, मत आणि दैव ह्यावर कुणी लिहा की.

पालक्काडचा जावई :
मत म्हणजे मलयाळममध्ये धर्म. हिंदुमतम, क्रिस्तुमतम, इस्लाममतम. धर्मांतर म्हणजे मतम माट्टम, आणि आपण धर्मनिरपेक्ष म्हणतो त्याला त्यांचा शब्द मतेतर. आपण ज्याला मत म्हणतो त्याला ते अभिप्रायम म्हणतात. त्यामुळे "एक मत" वाचून मराठी माणसाला वाटणार की सगळ्यांनी एका सुरात बोला, एकमताने ठराव पास. गुरूंना हे कधीच म्हणायचं नव्हतं. १९२४ साली आलुव्याला त्यांनी सर्वधर्म परिषद घेतली तेव्हा दारावर लिहिलं होतं की वाद घालून जिंकण्यासाठी नाही तर जाणून घेण्यासाठी आणि जाणवून देण्यासाठी. असं म्हणणारा माणूस सगळ्यांचं एकच मत असावं कसं म्हणेल?

दैवम् म्हणजे सरळ देव. त्यांची दैवदशकम् नावाची दहा कडव्यांची प्रार्थना आहे, १९१४ ची, केरळात कितीतरी घरांत संध्याकाळी दिव्यापुढे म्हणतात. कुणी त्याचं मराठी "दैवाचे दशक" केलं तर नशिबावरची कविता वाटेल. तेव्हा "माणसाला एक जात, एक धर्म, एक देव" असं सरळ लिहावं.

अनुस्वार :
थोडी भर घालतो. मत हा शब्द जुन्या मराठीत पंथ-धर्म ह्या अर्थाने होताच की. शैव मत, बौद्ध मत असं आपण अजूनही लिहितो आणि मतमतांतरं हा शब्द तर रोजच्या वापरातला. म्हणजे अर्थ परका नाही, फक्त आपल्याकडे तो मागे पडला आणि निवडणुकीतलं मत आणि आपलं-तुपलं मत एवढंच उरलं. दैव मात्र मराठीत पूर्णपणे नशिबाकडे गेलं, देवाच्या अर्थाने आपण दैवत म्हणतो.

चेंबूरनाका :
आणि तुळू माणसाला दैव म्हणजे तिसरंच काहीतरी. पंजुर्ली, जुमादी ही गावाची राखण करणारी दैवं, ज्यांचा कोला, म्हणजे अंगात आणून नाचायचा विधी, होतो. म्हणजे तेच एक वाक्य कासरगोडच्या खाली, मंगळुरात आणि कोल्हापुरात तीन तऱ्हांनी ऐकू येणार.

वाचनवेडी :
कित्ती उपयोगी. आता अरुविप्पुरमचा लेख. पुस्तिकेत मूळ ओळ देवनागरीत दिलीय, "जातिभेदं मतद्वेषं एतुमिल्लाते सर्वरुं सोदरत्वेन वाळुन्न मातृकास्थानमाणितु". खाली मराठी आहे, "जातिभेद व मतभेद नसलेले मातृदेवतेचे स्थान". इथे तर देवी कुठून आली तेच कळेना, तिथे शंकर आहे ना?

पालक्काडचा जावई :
मातृका म्हणजे नमुना, आदर्श. आदर्श शिक्षकाला मलयाळममध्ये मातृका अध्यापकन म्हणतात. आपल्या डोळ्यापुढे सप्तमातृका येतात म्हणून भाषांतर करणाऱ्याने देवी आणली असणार. आणि मतद्वेष म्हणजे मतभेद नव्हे, धर्माधर्मांमधला द्वेष. मतभेद असायला गुरूंची काहीच हरकत नव्हती हे वर आलंच आहे.

ह्या ओळीत मला सगळ्यात आवडतो तो शब्द वाळुन्न. वाळुका म्हणजे नुसतं राहणं नाही, सुखाने भरभराटीत राहणं, राजा राज्य करतो त्यालाही हेच क्रियापद. आणि मराठीत त्याला इतका नेमका शब्द आहे, नांदणं! "जातिभेद, धर्मद्वेष काही एक नसता सगळे भावंडांसारखे नांदतात असं हे आदर्श ठिकाण." हिंदीत करायला गेलात तर 'रहते हैं' म्हणावं लागेल आणि सगळी चव जाईल.

आणि ही ओळ कुठे लिहिलीय ते वाचकाला कळू द्या. शिवरात्रीच्या रात्री गुरू नेय्यार नदीच्या डोहात उतरले, तळातून एक दगड घेऊन वर आले आणि तोच शिवलिंग म्हणून बसवला. ना घडवलेली मूर्ती, ना ब्राह्मण पुरोहित, ना कुणाची परवानगी. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला असं विचारल्यावर, आम्ही ईळव शिव बसवलाय, असं उत्तर त्यांनी दिलं असं सांगतात. तिथे मलयाळममध्ये शब्द आहे प्रतिष्ठा, मूर्ती बसवणं. मराठीत नुसतं "अरुविप्पुरमची प्रतिष्ठा" लिहिलं तर लोक मानमरातब समजतील, तेव्हा प्राणप्रतिष्ठा किंवा स्थापना लिहा.

शब्दांच्या गावा :
मी सगळी चर्चा वाचतेय. माझा प्रश्न "योगी व समाजसुधारक" ह्याबद्दल आहे. मराठीत समाजसुधारक म्हटलं की डोळ्यापुढे येतात फुले, आगरकर, कर्वे, म्हणजे शाळा काढणारे, लिहिणारे, भांडणारे लोक, आणि योगी म्हटलं की गुहेत बसलेला. मधल्या 'व' मुळे दोन वेगळी कामं करणारा माणूस वाटतो, आधी एक केलं, मग ते सोडून दुसरं. खरंच तसं होतं का?

पालक्काडचा जावई :
नाही हो, अजिबात नाही. तरुणपणी ते नाणू आशान होते, आशान म्हणजे मास्तर, आचार्यवरून आलेला शब्द, गावातल्या मुलांना शिकवायचे. चट्टंबी स्वामींची गाठ पडली, तैक्काड अय्यावूंकडे हठयोग शिकले, मग कन्याकुमारीजवळच्या मरुत्वामलै डोंगरावर पिळ्ळत्तडम गुहेत तप केलं. ह्या सगळ्यानंतर ते अरुविप्पुरमला आले. म्हणजे गुहेत जे कळलं तेच त्यांनी नदीकाठी करून दाखवलं. सगळ्यांत एकच आत्मा हे अद्वैत, ते पुस्तकात ठेवलं असतं तर कुणालाच त्रास झाला नसता, त्यांनी ते देवळाच्या दारात आणून ठेवलं. पुढे पुढे तर गाभाऱ्यात मूर्तीऐवजी दिवा ठेवला, आणि १९२७ साली चेर्तलाजवळ कळवंकोडमला चक्क आरसा. आता मुख्य देऊळ म्हणजे शाळा असं त्यांनीच सांगितलं. मला विचाराल तर "योगी समाजसुधारक" असं 'व' न घालता लिहावं.

अनुस्वार :
'व' काढायला माझा विरोध आहे. मराठीत "योगी समाजसुधारक" हे लंगडं वाटतं, आणि योगी हे आडनाव असल्यासारखं वाचलं जाईल. त्यापेक्षा विशेषणच नको, "नारायण गुरू" पुरेसं आहे आणि खाली काम सांगा.

वाचनवेडी :
अनुस्वार म्हणतात ते पटतंय. विशेषण काढते. आता राहिला 'जात'. "एक जात" लिहिलं तर मराठीत जात म्हणजे जातच, मग जातीविरुद्ध बोलणारा माणूस "एक जात" का म्हणतो असं कुणी विचारेल. मानवजात लिहू का?

पालक्काडचा जावई :
बदलू नका, इथे मराठी शब्द अगदी बरोबर बसतो. गुरूंचं जातीवरचं जे कवन आहे त्याचा पहिला श्लोक संस्कृतात आहे, "मनुष्याणां मनुष्यत्वं जातिर्गोत्वं गवां यथा". गाईची जात जशी गाईपण, तशी माणसाची जात माणूसपण. पुढच्याच ओळीत म्हणतात की ब्राह्मण वगैरे तशी जात नव्हे, हाय, हे तत्त्व कुणालाच कळत नाही. आणि "ओरु जाति" त्याच्या लगेच पुढे येतं. आपणही आंब्याच्या जाती म्हणतो, जनावराची जात म्हणतो, तोच अर्थ. मानवजात लिहिलंत तर मूळचा टोला बोथट होतो, कारण ज्या शब्दाने माणसाला हिणवलं तोच शब्द हातात घेऊन ते उलटवतायत.

आणि पुस्तिकेत जागा असेल तर १९१६ सालचं जरूर घाला. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की "नमुक्कु जातियिल्ल", आम्हाला जात नाही. आणि त्याच वर्षी डॉ. पल्पूंना पत्र लिहून योगमशी संबंध सोडला, कारण तिथे जातीचा अभिमान वाढत चालला होता. स्वतःच्या नावाने निघालेली संस्था, स्वतः तिचे अध्यक्ष, ती आपल्याच लोकांची जात-संघटना होऊ लागली म्हणून बाजूला होणं, हे किती जणांना जमेल? केरळातसुद्धा हा भाग कमी सांगितला जातो ह्याचं मला फार वाईट वाटतं.

शब्दांच्या गावा :
त्यांचं ते दुसरं वाक्य पण घ्या ना, "विद्येने प्रबुद्ध व्हा, संघटनेने शक्तिमान व्हा". त्यातला प्रबुद्ध शब्द मूळ मलयाळम वाक्यातही आहे आणि बाबासाहेबांच्या 'प्रबुद्ध भारत'मुळे मराठी वाचकाच्या तो ओळखीचा आहे. ह्या एका शब्दाला काही समजवावं लागणार नाही.

चेंबूरनाका :
शेवटचं एक, स्पेलिंगचं. पेपरात सगळीकडे 'एझवा' छापतात, तुम्ही वर ईळव लिहिलंय. बरोबर कुठलं?

पालक्काडचा जावई :
ईळव. इंग्रजीत झेड-एच लिहितात तो उच्चार झ नाहीच, जीभ मागे वळवून काढायचं व्यंजन आहे, आपल्या ळ च्या सगळ्यात जवळचं. मराठीत आपण तमिळ लिहितो, कुणी तमिझ लिहीत नाही, आणि द्रविड मुन्नेत्र कळघम मध्येही तोच ळ आहे. उच्चार तर सगळीकडे एकच. तेव्हा कोळिक्कोड, आलप्पुळा आणि गुरूंचं जन्मगाव चेंपळंती, झ कुठेच नको. हिंदीवाल्यांना ळ वापरायची सवय नाही म्हणून त्यांचा झ, आपल्याकडे ळ असताना तो उसना कशाला घ्यायचा?