सिबिलमुळे पिकअपचं कर्ज अडलंय, मदत हवी आहे

केळीबाग_यावल: बँकेने पिकअपची फाईल परत केली, म्हणे सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून काढलेला स्कोअर) बसत नाही. आयुष्यात एक हप्ता थकवलेला नाही. सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी मार्चच्या आत भरतो. गाडीचं बुकिंग झालंय. दुसरी कोणती बँक देईल? लवकर सांगा.

धुळेकर: स्कोअर किती आहे? ३०० ते ९०० मधला नेमका आकडा सांगा. नुसतं ‘बसत नाही’ वरून काय कळणार?

नाना_सावदा: भाऊ, सोनं ठेवा. सोनेतारण घेऊन वर्षभर व्यवस्थित फेडलं की स्कोअर आपोआप चढतो. मी तसंच केलं.

धुळेकर: नाना, त्याला गाडी आत्ता हवीय, वर्षाने नाही.

केळीबाग_यावल: ६१२ दाखवतंय. पण माझं दुसरं कुठलंच कर्ज नाही!

ताई_अमळनेर: मग कुणाला जामीन आहात का? मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, निम्म्या फायली तिथेच अडतात. तुमच्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून.

चोपडा_७७: रिपोर्ट काढू नका, बघितल्याने स्कोअर कमी होतो.

ताई_अमळनेर: चुकीची माहिती देऊ नका दादा. स्वतः बघितल्याने काही होत नाही. चार बँकांत एकदम अर्ज टाकले की त्यांच्या चौकशा नोंदल्या जातात आणि त्याने फरक पडतो. म्हणून आधी दुसरी बँक शोधू नका.

रावेर_शेतकरी: २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली होती. यादीत नाव बघा.

धुळेकर: त्याचं पीककर्ज थकलेलंच नाही, माफीचा काय संबंध?

केळीबाग_यावल: रिपोर्ट काढला. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला सही होती, तेच खातं आलंय. ‘ओनरशिप’समोर ‘गॅरंटर’, आणि महिन्यांच्या चौकटीत ०३०, ०६०, ०९०. कर्ज त्याचं, मग माझ्या नावावर कशाला?

ताई_अमळनेर: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतात. ते आकडे म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. त्याला पूर्ण भरायला सांगा, ‘सेटलमेंट’ नको. तडजोडीने कमी भरलं तर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढची बँक तोच आधी बघते. पूर्ण भरून निल दाखला (बाकी काही नाही असा) घ्या. तरीही नोंद बदलली नाही तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.



जळगाव_सीए: स्कोअर सुधारला तरी बँक विचारणार, हप्ता भरणार कुठून? केळीचे पैसे रोख घेता का? खात्यात दिसत नाहीत ते उत्पन्न बँकेच्या हिशेबी नाही. व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्या जपा, पैसे खात्यावर घ्या, आयकर रिटर्न भरा. चालू हप्ते आणि नवा हप्ता मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर गेले तर ८०० स्कोअरवालाही परत येतो.

नाना_सावदा: म्हणूनच म्हणतो, लहान सोनेतारणाला उत्पन्न फारसं कुणी विचारत नाही.

जळगाव_सीए: नाना, आणि हप्ता चुकला तर घरातलं सोनं लिलावात जातं, तेही सांगा.

केळीबाग_यावल: चुलतभाऊ फोन उचलत नाहीये. त्याची थकबाकी मीच भरली तर त्याच्याकडून वसूल करता येते का?

ताई_अमळनेर: येते. तुम्ही त्याच्या वतीने भरलेले पैसे मागायचा कायद्याने हक्क आहे. पावती तुमच्या नावाने घ्या आणि पैसे तुमच्याच खात्यातून जाऊ द्या, रोख नको. थकीत हप्ते किती आहेत?