आईच्या कानासाठी ऑक्सिजनचा उपचार

सर्वांना नमस्कार,
माझी आई म्हापशाला एकटी राहते. परवा सकाळपासून तिला उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. शेजारी म्हणतात, मळ साचला असेल. दाबाखालील ऑक्सिजनच्या कक्षात बसवून असा कान बरा करतात असे कळले. त्यासाठी तिला मुंबईला न्यावे का? तिला मधुमेह आहे.

सप्रेम नमस्कार,
तुमचे पत्र वाचून राहवले नाही. मी परदेशातून फोंड्याला परतले त्याच वर्षी माझ्या डाव्या कानाचे असेच झाले होते. फोनवर आवाज येईना म्हणून तो बिघडला असे समजून ठेवणार होते, तेवढ्यात सहज उजव्या कानाला लावला आणि बहीण स्पष्ट ऐकू आली. पहिल्या डॉक्टरांनी सर्दीने दडा बसला आहे असे सांगून नाकात घालायचे थेंब दिले. त्यात अकरा दिवस गेले, ते आजही सलतात.

म्हणून मुंबईचा विचार नंतर करा. आईंना आजच बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवा आणि ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येते याची तपासणी, करून घ्या. मळ आहे की आतल्या कानाला इजा झाली आहे, हे तिथेच कळेल. इजा असल्यास पहिला उपचार सहसा स्टिरॉइडचा असतो. गोळ्यांनी साखर वाढते, म्हणून मधुमेहाचे आधीच सांगा. औषध पडद्यातून थेट कानातही देता येते.

ऑक्सिजन हा त्याच्या जोडीचा उपचार आहे. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तिला पर्यायी वाट नाही. कक्षात नेहमीच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो रक्तद्रवात विरघळून तिथवर अधिक पोहोचतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2019 साली तो स्टिरॉइडसोबत, सुरुवातीच्या 2 आठवड्यांत किंवा गुण न आल्यास महिन्याच्या आत, एक पर्याय म्हणून सुचवला आहे. सक्ती म्हणून नव्हे.

मी दहा वेळा कक्षात बसले. दार बंद झाल्यावर चोर्ला घाट उतरताना बसतात तसे दडे बसत आणि सारखा आवंढा गिळावा लागे. आता त्या कानाला देवळातली घंटा ऐकू येते, पण तिचा शेवटचा बारीक नाद येत नाही. जे परत आले ते कशामुळे, हे मी सांगू शकत नाही, कारण अनेकांचा कान आपोआपही सुधारतो.

ऐकू येणे नेमके कोणत्या वेळी थांबले, हे आईंना कागदावर लिहून सोबत न्यायला सांगा. सोबतीला कोणी नसेल तर मला कळवा, मी म्हापशाला जाईन.

आपली,
फोंड्याची एक सदस्य