बारभाई : किती जण, कुठले भाई?

भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. काल जेवताना म्हणाला, "मामा, बारभाई म्हणजे बारमध्ये बसणारे भाई का?" हसलो खरा, पण नीट उत्तर देता आलं नाही. पेशवाईतलं बारभाईंचं कारस्थान शाळेत वाचलं होतं. आमची आई मात्र घरात कसलाही गोंधळ झाला की 'बारभाईचा कारभार' म्हणायची. हे दोन्ही बारभाई एकच का? आणि ते खरंच बारा जण होते?

—

बारा मोजायला बसूच नका, प्रत्येक यादी वेगळी निघेल. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे, मोरोबा फडणीस ही नावं बहुतेक सगळीकडे असतात. पुढे पटवर्धन, रास्ते, शिंदे, होळकर यांना कोणी धरतं, कोणी सोडतं. इथला बारा म्हणजे पुष्कळ, तऱ्हेतऱ्हेचे. बारा गावचं पाणी प्यायलेल्याला आपण गावांची नावं विचारत नाही, तसंच. समासात 'बारा'चा 'बार' होतो, बारमाही घ्या.

प्रसंग थोडक्यात असा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, पेशवे नारायणरावांचा खून केला आणि चुलते रघुनाथराव ऊर्फ दादा पेशवे झाले. दादा मोहिमेवर निघाले, तशी ही बारभाई मंडळी एकेक करून काही ना काही निमित्त काढून छावणीतून पुण्याला परतली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. जानेवारी १७७४ मध्ये त्यांना पुरंदर किल्ल्यावर नेऊन त्यांच्या नावानं कारभार सुरू केला. १८ एप्रिलला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं! मुलगी झाली असती तर काय, हा विचार मनात येतोच. सगळा डाव एका बाळंतपणावर लावलेला.

आणि भाऊबंदकीनं जे घर फुटलं ते सावरायला निघालेल्यांना नाव काय मिळालं, तर 'भाई'!

—

'कारस्थान' या शब्दाकडेही बघा. आज तो ऐकला की काळंबेरं डोळ्यांसमोर येतं. जुन्या वापरात त्यात मसलत, डोकं चालवून काम तडीस नेणं हेही होतं. 'कारस्थानी पुरुष' ही शिवीच असायची असं नाही. 'राजकारण'चंही तेच. जुन्या कागदांत किल्लेदाराशी 'राजकारण लावलं' म्हणजे त्याला आतून फोडायचं बोलणं सुरू केलं.

—

म्हण पेशवाईतून आली असं सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. 'बारभाईची खेती, काय लागेल हाती?' यात शनिवारवाडा कुठे आहे? यात शेत आहे. माझा कल असा की शब्द आधी बांधावरचा असावा आणि मग तो पुरंदरावर चढला असावा.

आमच्याकडचंच सांगतो. सामायिक विहीर, सातबाऱ्यावर पाच नावं. पाणीपाळीचा दिवस प्रत्येकाला तोंडपाठ. मागच्या चैत्रात मोटर जळाली, तेव्हा ज्याच्या पाळीला जळाली त्यानं भरावं असं चौघं म्हणाले, आणि पाचवा म्हणाला की आदल्या दिवशीच ती गुरगुरत होती. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटर दीड महिना पडून, इकडे ऊस वाळला. आजी ओट्यावरून एवढंच म्हणाली, "बारभाई!" पुढचं वाक्य बोलायची तिला गरज पडली नाही.

—

व्याकरणातच फरक दिसतो की. इतिहासातले ते 'बारभाईंचं' कारस्थान, 'बारभाईंनी' केलं: अनुस्वार, अनेकवचन, आदरसुद्धा. म्हणीतला तो 'बारभाईचा' कारभार: एकवचनी, बिनचेहऱ्याचा. वर्तमानपत्रांत हल्ली आघाडीच्या सरकारांना 'बारभाईंचा कारभार' म्हणतात, तिथे दोन्हींची खिचडी होते. म्हणायचं असतं म्हणीतलं, अनुस्वार लागतो इतिहासातला.

—

पण म्हण त्या मंडळींना लावली तर तो अन्याय का? मला अर्धाच वाटतो. इंग्रजांनी ६ मार्च १७७५ ला सुरतेला दादांशी तह केला, तरी यांनी पेशवाई दादांच्या हाती जाऊ दिली नाही. हाती काहीच लागलं नाही असं कसं म्हणणार? उरलेला अर्धा मात्र म्हणीचाच. त्र्यंबकराव पेठे सुरुवातीच्याच लढाईत पडले, १७७८ मध्ये मोरोबा उलटले आणि कैदेत गेले, पाठोपाठ सखारामबापूही. १७८२ ला इंग्रजांशी सालबाईचा तह होईपर्यंत निर्णय घेणारे मुख्यतः दोघंच उरले होते, नाना आणि महादजी शिंदे.

—

भाच्याला तुमची सगळी उत्तरं वाचून दाखवली. म्हणतो, "म्हणजे परीक्षेच्या पेपरात अनुस्वार द्यायचा, सोसायटीच्या मीटिंगबद्दल बोलताना काढायचा." त्याची बारची शंका मात्र गेलेली नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगनंतर मंडळी कुठे जातात ते त्याला माहीत आहे.