मदत हवी आहे: बाबांना घेऊन मोझेलकाठी सायकलने जायचंय, कधी जावं आणि टप्पे कसे पाडावेत?

नमस्कार मंडळी,

जर्मनीत मोझेल नदीच्या काठाने ट्रियर ते कोब्लेन्झ सायकलने जायचं मनात आहे. सोबत माझे बाबा असतील. वय ६७. त्यांचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलंय. बागेत जायला अजूनही सायकलच वापरतात, त्यामुळे सपाटीवर त्यांची मला काळजी नाही. पण उजवा गुडघा चढाला साथ देत नाही आणि दिवसाला ४०-४५ किलोमीटरच्या वर त्यांना न्यायची माझी तयारी नाही.

मोझेलच का, तर एका फोटोमुळे. त्यात जवळजवळ भिंतीसारख्या उभ्या डोंगरावर द्राक्षाच्या वेली होत्या. मांडव नाही, तारा नाहीत, प्रत्येक वेलीला आपापला खांब, आणि दोन काड्या वाकवून खाली बांधल्यामुळे वेलीचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा झालेला. बाबांनी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाले, "इथं फवारणी कशी करत असतील?" मग त्यांच्या वाचनात आलं की तिथल्या काही जुन्या बागांतल्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, कलम न करता. आमच्याकडे सगळी बाग डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली. तेव्हापासून त्यांना तिथल्या, शाळेच्या पाटीसारख्या दगडांच्या (स्लेटच्या) जमिनीत हात घालून बघायचाय. वाइन ते घेत नाहीत, त्यांना बाग बघायची आहे.

मी जे वाचलंय त्यावरून ट्रियर आणि कोब्लेन्झ सरळ रेषेत १०० किलोमीटरही लांब नाहीत, पण नदी इतकी वळणं घेते की काठाने अंतर जवळपास दुप्पट, म्हणजे १९५ किलोमीटरच्या आसपास होतं. सायकलमार्ग बहुतेक डांबरी आणि सपाट आहे. हाताशी सहा-सात दिवस आहेत.

पहिली अडचण महिन्याची. मला ऑक्टोबर हवा होता, कारण रीसलिंग या तिथल्या द्राक्षाची तोडणी तेव्हा जोरात असते. पण आमची फळछाटणी नेमकी तेव्हाच. बाबा छाटणी दुसऱ्यावर सोपवून परदेशात जातील हे शक्य नाही, आणि मी तसा आग्रहही धरणार नाही. जून बघितला, तर तेव्हा तिथे वेली फुलोऱ्यात, घड बघायला मिळणार नाहीत.

दुसरं, मधेच गुडघा दुखायला लागला तर काय? सगळीकडे "नदीकाठाने रेल्वे आहे, कुठेही चढा" असं लिहिलेलं दिसतं, ते खरं आहे का?

आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: टप्पे असे हवेत की दुपार बागेत घालवता येईल. मला किलोमीटर मोजत कोब्लेन्झ गाठायचं नाही. कुठे मुक्काम करावा, कुठला भाग गाळला तरी चालेल, हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. रीसलिंग उशिरा पिकणारी जात आहे, पण म्युलर-थुर्गाउसारख्या लवकर येणाऱ्या जातींची तोडणी तोवर सुरू झालेली असते. म्हणजे काकांना एका बागेत तोडणी आणि शेजारच्या बागेत पिकत आलेले घड, दोन्ही बघता येईल आणि ऑक्टोबरच्या छाटणीला ते घरी असतील. शिवाय त्याच सुमारास तिथले लाल गराचे पीच येतात, द्राक्षबागेतच लावलेली झाडं असतात. ते त्यांना नक्की खायला द्या.

सप्टेंबरचा पहिला आठवडा मात्र टाळा. वाटेतल्या बर्नकास्टेलला मोठा वाइन महोत्सव असतो, आसपासच्या गावांतही खोली मिळत नाही. आणि ऑक्टोबरात दरीत सकाळी दाट धुकं साचतं, कधी कधी ते विरायला बरीच वाट बघावी लागते. वयस्कर माणसासोबत मला ते बरं वाटत नाही.

प्रतिसाद २

मी हा मार्ग केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेल्वेबद्दल तुम्ही वाचलंत ते अर्धंच खरं आहे. ट्रियरहून निघालेला लोहमार्ग श्वाइखनंतर नदी सोडतो, डोंगरामागून विटलिखला जातो आणि थेट बुलायजवळ परत नदीला भेटतो. म्हणजे पीसपोर्ट, बर्नकास्टेल हा जो मधला सगळ्यात सुंदर पट्टा आहे, तिथे काठाला स्टेशनच नाही. ट्राबेन-ट्रारबाखला बुलायहून येणारा एक छोटा फाटा आहे, तेवढाच. पण या पट्ट्यात सायकलींचा ट्रेलर जोडलेली बस धावते, तिचं नाव रेगिओराडलर. ती एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात असते. जागा आधी राखून ठेवा, ऐनवेळी ट्रेलर भरलेला असतो. बुलायच्या पुढे कोब्लेन्झपर्यंत मात्र रेल्वे खरंच हाताशी आहे. ऱ्हाइनलँड-फाल्ट्स या तिथल्या राज्यात लोकल गाड्यांमध्ये सायकलचं भाडं लागत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी दिवसभर. अर्थात डब्यात जागा असली तर.

टप्प्यांचं म्हणाल तर ट्रियर ते नॉयमागेन साधारण ४० किलोमीटर. पहिला दिवस तेवढा पुरे. श्वाइखपर्यंत दरी रुंद आहे, बागा लांब दिसतात, तिथे रेंगाळू नका. नॉयमागेनला रोमन काळातलं दगडी वाइनजहाज सापडलं होतं, पिंपांनी भरलेलं आणि वल्ही मारणारी माणसं कोरलेली. मूळ शिल्प ट्रियरच्या संग्रहालयात आहे, गावात प्रतिकृती आहे. जवळच पीसपोर्टला रोमन काळातला द्राक्षं तुडवायचा आणि रस काढायचा मोठा कारखानाच उकरून काढलाय, डोंगराच्या पायथ्याशी, बागेला लागून. काकांना ते हौद जरूर दाखवा.

नॉयमागेन ते बर्नकास्टेल २५ किलोमीटर, आणि तिथून ट्राबेन-ट्रारबाख आणखी २०-२५. हे दोन टप्पे मुद्दाम छोटे ठेवा, कारण तुमच्या दुपारी इथेच जायला हव्यात. पुढे त्सेलवरून एडिगर-एलर, मग कोखेम.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. उभ्या बागा बहुतेक दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर असतात, समोरच्या काठावर बहुतेक रान. नदी वळली की बागा काठ बदलतात. म्हणून सायकल बागेच्या समोरच्या काठाने चालवा, तिथून डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो, आणि बागेत जायचं असेल तेव्हा पूल ओलांडा. पूल भरपूर आहेत, बाइलश्टाइनला छोटी फेरीही आहे. अगदी बागेखालून गेलात तर मान वर करून फक्त बांधाच्या भिंती दिसतात.

दिशा ट्रियरकडून कोब्लेन्झकडे हीच ठेवा. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, पाठीवर येतो.

काय गाळावं? कोखेमच्या खालचा बराच मार्ग हमरस्त्याला चिकटून आहे, गाड्यांचा आवाज सतत येतो. थकवा असेल तर कोखेमहून कोब्लेन्झला सरळ रेल्वेने जा. आणि गुडघा फारच बोलायला लागला तर एडिगर-एलरला गाडी पकडा: नदी तिथून कोखेमला २० किलोमीटरच्या वर वळसा घालते, आणि रेल्वे ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पोचते. तो बोगदा १८७७ सालचा आहे.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त काकांसाठी इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घ्या असं सुचवेन. पेडल मारलं तरच मोटर साथ देते, ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते, परवाना लागत नाही. सपाटीवर गरज नाही, पण पुलांचे चढ आणि गावातल्या दगडी फरसबंदी गल्ल्या गुडघ्याला त्रास देतात. सीटची उंची पहिल्याच दिवशी दुकानातच नीट लावून घ्या. सीट खाली राहिली की गुडघा हमखास दुखतो.

निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की सायकलमार्गच वापरायचा, रस्त्यावर यायचं नाही. उजव्या बाजूने चालायचं हे काकांना आधी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर सरावू द्या. रविवारी दुकानं बंद असतात, फळं-पाव शनिवारीच घेऊन ठेवा.

व्हिसाचं काम लवकर हाती घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या शेंगेन कराराच्या नावाने हा व्हिसा आहे, तो १४ जून १९८५ रोजी याच मोझेल नदीवर, शेंगेन गावाशी एका जहाजावर झाला. ट्रियरहून रेल्वेने पेर्लला उतरलात की पूल ओलांडून चालत लक्झेंबर्गमधल्या शेंगेनला जाता येतं. वेळ असेल तर आदल्या दिवशी जाऊन या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ऐकून त्यांनी लगेच मान डोलावली आणि छाटणीची तारीख मागे-पुढे होणार नाही ना, एवढंच दोनदा विचारलं. कोखेमच्या पुढे रेल्वे, हेही ठरलं.

आता एकच राहिलं. तो फोटोतला उभा डोंगर बहुधा ब्रेम गावाजवळचा कालमॉन्ट आहे. बाबांना तिथे चढता येईल का? आणि कुणाच्या बागेत असंच शिरलेलं चालतं का? आमच्या बागेत तोडणीच्या दिवसांत अनोळखी माणूस शिरला तर बाबांनाच आवडत नाही.

प्रतिसाद २

हो, कालमॉन्टच. काही ठिकाणी उतार ६५ अंशांच्या आसपास आहे, युरोपातल्या सगळ्यात उभ्या द्राक्षबागांपैकी एक. त्यातून जाणारी पायवाट शिड्यांची आणि लोखंडी दोरांची आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला तिथे नेऊ नका. ब्रेमच्या समोरच्या काठावर जुन्या मठाचे अवशेष आहेत, तिथल्या सपाटीवरून अख्खा डोंगर समोर दिसतो. दुर्बीण न्या. तोडणी चालू असेल तर एकाच रुळावरून डोंगर चढणारी छोटी गाडी दिसेल, माणसं आणि द्राक्षाच्या पेट्या तीच वर-खाली नेते. फवारणीचं उत्तरही तिथेच मिळेल: अशा उतारांवर ती हेलिकॉप्टरने, आणि अलीकडे ड्रोनने करतात.

बागेत विचारल्याशिवाय शिरू नका, काकांचं बरोबर आहे. घड पिकायला लागले की बऱ्याच बागांच्या वाटा बंद करतात. पण बहुतेक गावांत राहायच्या खोल्या बागाईतदारांच्याच घरी मिळतात. खोली ठरवताना लिहून टाका की वडील द्राक्ष बागाईतदार आहेत, जमीन आणि वेल जवळून बघायची आहे. सोबत काकांच्या बागेचे, छाटलेल्या काड्यांचे, मांडवाचे फोटो न्या. भाषा आली नाही तरी फोटो पुढे केले की दोघेही बोलायला लागतील. त्यांना मांडवाचं तितकंच कुतूहल असणार.

धागाकर्ती

फोटो आजच काढायला सांगते. ट्राबेन-ट्रारबाखच्या आसपास स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली असलेल्या बागाईतदाराकडे कुणी राहिलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोन रात्री तिथेच राहू, पुढचा टप्पा गाळावा लागला तरी चालेल.