मदत हवी आहे: भविष्यवाणी सांगून बसलो आहे, आता खेळाडूंच्या निर्णयांना अर्थ कसा ठेवावा?

वीसबाजू

नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून मी पाच खेळाडूंसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सची एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग कथा, चालवतो आहे. या खेळात बाकीचे एकेक पात्र खेळतात, जग आणि शत्रू सांभाळणारा डंजन मास्टर मी आहे, आणि निकाल फाशांवर ठरतात. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. जग मात्र मी स्वतः रचलेले आहे. त्यात एक मोठी नदी आहे, तिच्या मुखाशी बंदर आहे, वरच्या अंगाला राजधानी आहे आणि सिंहासनासाठी भांडणारे चार भाऊ आहेत. आम्ही दर दुसऱ्या शनिवारी खेळतो आणि पात्रे आता सहाव्या लेव्हलला पोहोचली आहेत.

तिसऱ्या सेशनमध्ये एका पडक्या देवळातल्या आंधळ्या म्हातारीच्या तोंडून मी पुढील वाक्य वदवले: "ज्या दिवशी नदी उलटी वाहील, त्या दिवशी चौथा भाऊ सिंहासनावर बसेल आणि तुमच्यापैकी एक जण परत येणार नाही." वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. खरे सांगायचे तर नदी उलटी वाहण्याचा अर्थ काय, हे मी ठरवलेलेच नव्हते. पुढे काहीतरी सुचेल, या भरवशावर होतो. त्या एका वाक्याने आता मला तीन बाजूंनी कोंडले आहे.

पहिली अडचण हसण्यासारखी आहे. आमच्यातला एक खेळाडू खाडीच्या काठी वाढलेला आहे. भविष्यवाणी ऐकताच तो म्हणाला की बंदरापाशी भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते, म्हणजे नदी तिथे रोजच उलटी वाहते. मग चौथा भाऊ अजून सिंहासनावर का नाही? टेबलावर हशा पिकला आणि म्हातारीचा दरारा त्या क्षणी संपला.

दुसरी अडचण गंभीर आहे. फायटर, म्हणजे योद्ध्याचे पात्र, खेळणाऱ्या मित्राने असा तर्क मांडला की नदी अजून उलटी वाहिलेली नाही, त्याअर्थी आपल्यापैकी कोणीही आज मरू शकत नाही. हा तर्क तो नुसता बोलून दाखवत नाही, त्याप्रमाणे खेळतोही. गेल्या महिन्यात त्याने साठ फूट उंच तटावरून शत्रूच्या गराड्यात उडी मारली. पडण्याच्या इजेचे सहा फासे त्याने हसत हसत टाकले, पुढच्या फेरीत सैनिकांनी त्याला शून्य हिट पॉइंटवर आणले, म्हणजे बेशुद्ध केले, आणि त्याचा पहिला डेथ सेव्ह, म्हणजे जगण्यासाठी टाकायचा फासा, हुकला. असे तीन हुकले की पात्र मरते. त्यानंतर एका सैनिकाने अगदी जवळून भाला मारला. बेशुद्ध पात्रावर पाच फुटांच्या आतून लागलेला वार आपोआप क्रिटिकल, म्हणजे सर्वांत जबर, ठरतो आणि त्याने दोन डेथ सेव्ह हुकल्याचे धरले जाते, म्हणजे तो जागीच मेला होता. मी माझ्या पुढ्यातल्या पडद्याआड फासा पाहिला, वार लागला होता, आणि मी म्हणालो की वार हुकला. असे मी यापूर्वी कधीही केलेले नव्हते. मित्र जिवंत राहिला, आपला तर्क सिद्ध झाला असे त्याला वाटले, आणि मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तिसरी अडचण येऊ घातली आहे. चौथ्या भावाला आधीच मारून टाकावे, म्हणजे प्रश्नच मिटेल, असे सर्वांचे ठरत आहे. क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारे पात्र, दर दिवशी ऑगरी हा मंत्र वापरून कौल घेते. हा मंत्र पुढच्या अर्ध्या तासापुरताच शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही एवढे सांगतो, त्यामुळे आजवर निभावले; पण सातव्या लेव्हलला तिला डिव्हिनेशन हा मंत्र मिळेल आणि सात दिवसांच्या आतल्या घटनेबद्दल ती देवाला थेट विचारू शकेल. मी देवाच्या तोंडून काय सांगावे? भाऊ मेला तर भविष्यवाणी खोटी ठरते, आणि तो काही केल्या मरतच नसेल, तर खेळाडूंनी वर्षभर घेतलेल्या निर्णयांना काय अर्थ उरतो? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पडदाबंद

सर्वांत सोपा उपाय म्हणजे म्हातारी खोटे बोलत होती, असे जाहीर करावे. तिला एखाद्या भावाने पैसे चारले होते, असे दाखवता येईल. एका सेशनमध्ये विषय संपतो.

खाडीकाठ

खाडीकाठच्या खेळाडूची हरकत आपण अडचण समजत आहात. मला ती या कॅम्पेनला मिळालेली देणगी वाटते. जी शंका त्याला आली, ती त्या जगातल्या बंदरातल्या कोळ्यांनाही आली असणारच. भविष्यवाणी जुनी असेल, तर दर अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की धक्क्यावर गर्दी जमत असेल, कोणी ना कोणी "मीच तो चौथा भाऊ" म्हणून उभा राहत असेल, आणि बंदराच्या कोतवालाला हे तोतये आवरण्याचे काम लागलेले असेल. राजधानीतले पंडित मात्र बंदरवाल्यांना हसत असतील, कारण त्यांच्या मते राजवाड्याखालचा प्रवाह उलटला तरच ते खरे. एका वाक्याचे दोन अर्थ आणि त्यामागे दोन पक्ष असे झाले, की आपल्याला राजकारण फुकट मिळते.

शिवाय नदी खरोखर उलटी वाहू शकते, आणि त्याला चमत्कार लागत नाही. कंबोडियातली तोन्ले साप नदी दर पावसाळ्यात दिशा बदलते, कारण मेकाँगला पूर आला की तिचे पाणी या नदीतून मागे तळ्याकडे ढकलले जाते; पाणी ओसरू लागले की प्रवाह पुन्हा सरळ होतो आणि तेव्हा तिथे मोठा जलोत्सव असतो. शिकागोची नदी तर माणसांनी उलटवली. शहराचे सांडपाणी मिशिगन सरोवरात, म्हणजे पिण्याच्याच पाण्यात जात होते, म्हणून कालवा खणून १९०० साली तिचा प्रवाह सरोवरापासून दूर वळवण्यात आला. आपल्या चौथ्या भावालाही ही भविष्यवाणी ठाऊक आहे असे धरा. तो गुपचूप कालवा खणवतो आहे. कॅम्पेनमध्ये आता खणणारे वेठबिगार आहेत, बुडू घातलेली गावे आहेत, दगड पुरवणारे सावकार आहेत, आणि या प्रत्येक ठिकाणी खेळाडूंना हात घालता येतो.

तिसरा प्रहर

खाडीकाठ यांच्याशी सहमत आहे; पडदाबंद यांच्याशी नाही. खेळाडूंनी वर्षभर ज्या वाक्यावर विचार केला ते निव्वळ थाप होते असे सांगितले, तर त्यानंतर आपल्या कोणत्याही वाक्यावर ते विचार करणार नाहीत.

मी आपल्याला महाभारताच्या आदिपर्वातला सर्पसत्राचा, म्हणजे नागांना जाळणाऱ्या यज्ञाचा, भाग या दृष्टीने पुन्हा वाचायला सुचवेन, कारण भविष्य एकालाच नव्हे तर सर्व पक्षांना माहीत असेल तर काय होते, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा आठवत नाही. आईच्या शापामुळे आपण यज्ञात जळणार हे नागांना ठाऊक आहे. जरत्कारू ऋषीचा मुलगा आपल्याला वाचवील हेही त्यांना एलापत्राकडून कळले आहे, म्हणून वासुकी आपली बहीण त्याच ऋषीला देतो. दुसरीकडे जनमेजयाला यज्ञभूमी आखणाराच सांगतो की एका ब्राह्मणाच्या निमित्ताने हे सत्र अपुरे राहील. त्यावर राजा दारावर ताकीद देतो की अनोळखी माणसाला आत सोडू नये. तरीही जरत्कारूचा मुलगा आस्तिक आत येतो, तो जबरदस्तीने नव्हे, तर स्तुती करून, आणि राजाकडून वर मिळवून सत्र थांबवतो. इथे कोणीही हात बांधून बसलेले नाही. शापही खरा होतो, कारण असंख्य नाग जळतात. आणि उतारा म्हणून सांगितलेले भविष्यही खरे होते, कारण तक्षक वाचतो. शेवट ठरलेला होता, पण किती नाग जळणार हे आस्तिक कधी पोहोचतो यावर होते. आपल्या कॅम्पेनमध्येही निर्णयांना जागा तिथेच आहे. चौथा भाऊ सिंहासनावर बसेल, एवढेच म्हातारी म्हणाली. तो किती वेळ बसेल, जिवंत बसेल की त्याचे प्रेत बसवले जाईल, आणि बसेल तेव्हा राज्य शिल्लक असेल का, याबद्दल ती काहीही बोललेली नाही. खेळाडूंनी त्याला खुशाल मारावे. त्याच्या पक्षातले लोक त्याचे प्रेत सजवून सिंहासनावर ठेवतील आणि त्याच्या नावाने फर्माने काढतील. आपल्या खेळाडूंना याहून वाईट शत्रू मिळणार नाही.

फायटरबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. "एक जण परत येणार नाही" याचा अर्थ "तोवर कोणी मरणार नाही" असा होत नाही, आणि ही गफलत आपणच फासा लपवून पक्की केली आहे. जनमेजयाच्या बापाला, परीक्षिताला, सातव्या दिवशी तक्षक चावणार हे ठाऊक होते. त्याने एकखांबी महाल बांधून घेतला, वैद्य आणि मांत्रिक भोवती ठेवले, आणि सातव्या दिवशी सूर्य मावळतीला आल्यावर फळातून निघालेला किडा हसत हसत स्वतःच्या मानेवर ठेवला. महाल कितीही पक्का असला तरी त्याला त्या शेवटच्या घटकेच्या निर्धास्तपणाने मारले. आपला फायटर तटावरून उडी मारताना याहून वेगळे काय करत होता?

रिकामा पेला

फक्त फाशांबद्दल लिहितो. दैव पडद्याआड ठेवू नये. आपल्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, पोर्टेंट ही भविष्य पाहण्याची क्षमता असेल, तर तो सकाळी वीस बाजूंचे दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवतो आणि दिवसभरात डोळ्यांसमोरच्या कोणाच्याही हल्ल्याच्या, बचावाच्या किंवा क्षमतेच्या कसोटीच्या फाशाच्या जागी ते वापरतो, हे आपण पाहिलेच असेल. नियमांत दैव बसवण्याचा इतका साधा मार्ग क्वचितच सापडतो. तोच उचला. सेशनच्या सुरुवातीला सर्वांसमोर एक फासा टाका आणि जो आकडा येईल तो टेबलाच्या मध्यभागी तसाच राहू द्या. सेशनमध्ये एकदा तो आकडा आपण वापरणार, एवढेच सर्वांना माहीत असेल. आमच्याकडे एकदा तिथे २ इतका वाईट आकडा चार तास पडून होता. कोणीही तटावरून उडी मारली नाही.

आणि पुढच्या वेळी भविष्य सांगायचे असेल, तर ते आधी यदृच्छेने काढा. याच खेळाच्या १९८३ च्या रेव्हनलॉफ्ट या तयार साहसकथेत एक भविष्य सांगणारी बाई पत्ते काढते, आणि कोणती वस्तू कुठे आहे व खलनायक कुठे भेटेल हे त्या पत्त्यांवरूनच ठरते. भविष्य खरे ठरते, कारण डंजन मास्टर त्यानंतर जग त्याप्रमाणे मांडतो. शेवट आधी ठरवून त्याला भविष्याचे नाव देण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

वीसबाजू

सर्वांचे मनापासून आभार. कालव्याची कल्पना मी घेतली आहे. पुढच्या सेशनमध्ये पात्रांना एका गावाबाहेर खणलेली ताजी माती आणि दगडांच्या गाड्या दिसतील; त्यापुढे मी काहीही सुचवणार नाही. खाडीकाठच्या मित्राला न सांगता त्याची हरकत एका कोळणीच्या तोंडी घालणार आहे.

तिसरा प्रहर यांचे म्हणणे बोचले, पण पटले. काल फायटरच्या खेळाडूला फोन करून भाल्याच्या वाराबद्दल खरे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की ते पात्र त्या दिवशी मेले असे धरू नये, पण त्या जखमेचे काहीतरी शिल्लक राहायला हवे. त्याचा उजवा हात आता डोक्याच्या वर जात नाही, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. फासे यापुढे टेबलावर उघडे पडतील.

एक प्रश्न उरला आहे. हे सर्व ऐकल्यावर विझार्डच्या खेळाडूने मला विचारले की म्हातारीची भविष्यवाणी खरी होण्याच्या क्षणी, म्हणजे चौथा भाऊ सिंहासनाकडे जात असताना कोणताही फासा पडला, तर त्यावर त्याला पोर्टेंट वापरता येईल का. नियमाप्रमाणे उत्तर होय असेच आहे, मात्र ज्याचा फासा तो डोळ्यांसमोर दिसला पाहिजे, फासा हल्ल्याचा, बचावाचा किंवा क्षमतेच्या कसोटीचा असला पाहिजे आणि तो पडण्याआधीच पोर्टेंट जाहीर केले पाहिजे. पण त्या क्षणी फासा मुळात पडावा का, की तिथे मी नुसते वर्णन करावे, हे मला ठरवता येत नाही. आपल्यापैकी कोणी अशा प्रसंगी काय केले आहे?